ओवाळणी

भरमा,
यंदा भाऊबीजेला साडी आणू नकोस.
तीस वर्षं पॉवरलूमवर बसलो मी.
तुझी सून हसते, आत्या, "बसले" म्हणा.
म्हणतो की,
पुढच्या खेपेला पुण्यात जन्माला आलो तर.

वडगावातल्या बाईला साडी आणतोस,
कुंभाराला मडकं दिल्यासारखं.
अकरा आहेत ट्रंकेत, डांबरगोळ्यांत निजलेल्या.
मोरपंखीची दुकानातली टाचणीसुद्धा काढली नाही,
जागच्या जागी गंजली.

काजूचा डबाही नको.
मागचा मी इरव्वाला दिलो,
तिनं जावयाला, जावयानं साहेबाला,
आणि साहेबाची बायको फॉल लावून घ्यायला आली
ती तोच डबा हातात घेऊन.
तळाला तुझ्या पिंपरीच्या दुकानाचा शिक्का.
काजू तेवढे बदललेत.

मंदिरामागं खोली आहे बघ,
गणपतीचं मखर ठेवायचे तिथं.
आता तीन वॉकर आहेत, कुबड्या आहेत,
कमोडची एक खुर्ची,
आणि हवेची गादी, पंपासकट.
पाटी नाही.
वर कन्नड की वर मराठी,
दोन बैठका झाल्या, चहाचं बिल एकशे नव्वद,
शेवटी चावी माझ्याकडं देऊन सगळे घरी गेले.
लोक विचारत येतात, गादीची खोली कुठं?
दोन्ही भाषांत विचारतात.

तुझे दाजी तिच्यावर चार महिने सहा दिवस होते.
रात्रभर पंप गुरगुरायचा,
तू आलास तेव्हा तुला झोप नव्हती लागली.
पाठीला एक फोड आला नाही शेवटपर्यंत.
दहावं व्हायचं होतं अजून,
बसवणेप्पा दारात, चप्पल काढून,
माग बंद ठेवून आलेला.
काही बोलेना.
मीच विचारलो, "यारिगे?"
"अव्वगे."
आईसाठी.
डेटॉलनं पुसून, उन्हाला दाखवून दिलो.
त्या रात्री घर इतकं गप्प झालं
की मी उठून मिक्सर लावलो, रिकामाच.

आता ती फुटलीय.
सायकलवाल्या दस्तगीरनं दोनदा पंक्चर काढलं,
पैसे घेतले नाहीत, म्हणाला
तिसऱ्यांदा टिकायचं नाही, मावशी.
वहीत नावं थांबलेत.
फिलोमिना टीचर. तिसऱ्या गेटजवळच्या रिक्षावाल्याचा बाप.
एकाचं नाव मी परवा खोडलो,
आता नको म्हणाले, लागायची नाही.

नवी सहा हजाराला,
खडेबाजारात तीन दुकानं फिरून आलो.
दोन हजाराची साडी आणतोस तू,
धाकटा पंधराशेची,
भाच्यांचे डबे, तुझ्या सुनेचं ते वासाचं मेणबत्तीचं खोकं.
सगळ्यांना हेच लिहितोय.

लाज वाटते रे.
दाजी असते तर म्हणाले असते,
सणासुदीला हात पसरू नये.
पण ताट धरून भावासमोर उभं राहायचं
म्हणजे काय असतं दुसरं?
दरवर्षी पसरतोच की.
फक्त आतापर्यंत काय पाहिजे ते सांगत नव्हतो.

तू ये मात्र.
करंज्या करतो, कुंदा आणून ठेवतो,
पाट तोच, बाबांचा, एक पाय हलणारा.
ओवाळून झालं की ताटात पाकीट ठेव.
त्यावर नाव घालू नकोस.
वहीत "एक भाऊ" एवढंच लिहितो मी,
कुणाचा ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आणि बसमधून उतरताना सांभाळ.
मागच्या खेपेला डावा पाय ओढत होतास,
बघितलो मी, बोललो नाही.
तीन नंबरचा वॉकर तुझ्या उंचीचा आहे.
डिपॉझिट दोनशे.
भावाला सूट नाही.